तळव्यांखालचं कापड

पिंजरा काही केल्या दारातून आत येईना. एका बाजूनं रुहीनं धरला होता, दुसऱ्या बाजूनं तिच्या आईनं, नीलांबरीनं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो जीव रुहीच्या स्वेटशर्टाच्या टोपीत मुटकुळं करून झोपला होता. नुसती शेपटी बाहेर लोंबत होती.

"आई, टिल्ट कर. नो, नो, तुझ्या साइडला!"

"अगं, हा पिंजरा आहे का लोखंडी कपाट?"

"नूडलला थ्री फ्लोअर्स लागतात."

"आपण तिघांनी पंधरा वर्षं एका फ्लोअरवर काढली."

शेवटी दाराच्या बिजागरीची खीळ काढून दार बाजूला करावं लागलं, तेव्हा कुठे पिंजरा बैठकीच्या खोलीत आला. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या छोट्या घरात दुसरी रिकामी जागा नव्हतीच. एकच होती, खिडकीजवळची. दोन वर्षांपूर्वी तिथं दवाखान्याकडून भाड्यानं आणलेला पलंग होता. तो परत गेल्यापासून नीलांबरीनं तिथं काही ठेवलं नव्हतं. पिंजरा तिथं बरोब्बर बसला.

रुहीला कॅलिफोर्नियात नोकरी लागली होती आणि तिकडे फेरेट पाळायला कायद्यानं बंदी.

"तू कायदेशीर आणि हा बेकायदेशीर? बरंय तुझं कॅलिफोर्निया!" नीलांबरी वाकून बघायला लागली. "हे मुंगूस ना गं?"

"फेरेट, आई."

"मुंगूसच. इकडच्या थंडीनं फिकं पडलंय जरा. आमच्याकडे सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. तोंड दाखव म्हणून रामाची शपथ घालायचो आम्ही त्याला." मग तिनं विचारलं, "नूडल म्हणजे शेवईच ना? मग शेवया म्हणेन मी ह्याला."

शेवयानं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि परत झोपला. दिवसातले सोळा तास तो झोपतो, असं रुहीनं सांगितलं. खाणं कधी, पाणी कसं, शीच्या डब्यातली माती कधी बदलायची, सगळं तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं. निघताना मात्र दारात घुटमळली.

"आई, यू विल लुक ॲट हिम, राइट? एव्हरी डे?"

"बघीन."

ती गेल्यावर नीलांबरी खुर्चीवर बसली. 'लुक' हा शब्द तिला नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, हातात कोटसुद्धा तसाच धरलेल्या ह्याच मुलीनं विचारलं होतं, "आई, यू डिडन्ट लुक?" त्याचं उत्तर नीलांबरीनं अजून दिलेलं नव्हतं. रुहीनंही परत विचारलं नव्हतं. न विचारलेला प्रश्न घरात असा राहतो, की त्याला ओलांडून ओलांडून चालायची सवय होऊन जाते.

*

नीलांबरी पोरे मूळची बार्शीची. वडलांचं कापडपेठेत शिलाईचं दुकान. नवव्या वर्षी ती काजं करायला बसली, अकराव्या वर्षी सदऱ्याची कॉलर पलटायला लागली. पण खरी विद्या तिला आत्यानं दिली. गोधडीची. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन, धावदोरा घालत जायचं. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, तेवढंच अंतर. "गोधडीचा टाका दिसला पाहिजे, नीले," आत्या म्हणायची. "लपवायचं काय त्यात? पांघरणाऱ्याला कळू दे की कुणीतरी आपल्यासाठी बसलं होतं."

लग्न होऊन ती न्यू जर्सीला आली शहात्तर साली. नवरा राजाराम, एका कंपनीत नकाशे काढायचा. रुही शाळेत जायला लागली तशी नीलांबरीनं रूट फॉर्टी-सिक्सवरच्या एका ड्राय क्लीनरकडे अल्टरेशनचं काम धरलं. मालकीण कोरियन, मिसेस पार्क. पहिल्याच दिवशी तिनं नीलांबरीनं दुमडलेली पँट खिडकीच्या उजेडात धरली, नाकाशी आणली, उलटी केली, सुलटी केली.

"आय सी स्टिच," मिसेस पार्क म्हणाली. "नो गुड. नो सी स्टिच, गुड स्टिच."

आत्याच्या अगदी उलट! पण नीलांबरीनं तेही शिकून घेतलं. सुईच्या टोकानं कापडाचा एकच धागा उचलायचा आणि आतल्या आत निसटायचं. बावीस वर्षं तिनं बँकवाल्यांच्या, वकिलांच्या, नवरदेवांच्या पँटा अशा आखूड केल्या की घालणाऱ्यालाही वाटावं, आपले पायच एवढे आहेत. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, हेच तिचं कौतुक. राजाराम चिडवायचा, "अमेरिकेत एवढं काम केलंस, पण पुरावा काही मागे ठेवला नाहीस!"

मग दोन हजार तीनच्या जानेवारीत त्याची डावी बाजू गेली. साखर आधीपासून होतीच. चौदा महिने तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. नीलांबरीनं काम सोडलं. त्याला भरवलं, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, त्याच्या अर्ध्या तोंडानं केलेल्या विनोदांना पूर्ण हसली. फक्त एक गोष्ट राहिली. त्याला पाय उघडे टाकलेले आवडायचे नाहीत. "मोजे काढू नकोस, नीला. गारवा शिरतो." जाड लोकरी मोजे. तिनंच आणलेले.

रुही तेव्हा बॉस्टनला असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. साखर असलेल्यांचे पाय जपावे लागतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. "आई, बाबांचे फीट कसे आहेत?"

"छान आहेत."

तीन रविवार तिनं 'छान आहेत' म्हटलं. तिन्ही रविवारी मोजे पायातच होते. चौथ्या रविवारी मोजा काढायला गेली तर तो टाचेला चिकटला होता.

पुढचं फार वेळ चाललं नाही. जखमेतलं विष अंगात भिनलं होतं. हॉस्पिटलातल्या नर्सनं तिला दुसऱ्या पायावर बोट दाबून दाखवलं होतं: दाबल्यावर लाली पांढरी पडली आणि परत आली तर ठीक. पांढरी पडतच नसेल, तर आत दुखापत सुरू झाली. सोपी खूण. कुणालाही जमेल अशी. फक्त मोजा काढावा लागतो.

तेव्हापासून शिलाईमशीन चादरीखाली होतं.

*

शेवया आला आणि घराची घडी बदलली. तो फार झोपायचा, पण जागा झाला की काही विचारू नका. पाठीची कमान करून उड्या मारायचा, तोंडानं बारीक डुक-डुक आवाज काढत सोफ्यामागे पळायचा. आणि चोर! चमचे, फोनची वायर, आणि सगळ्यात जास्त मोजे. एक दिवस नीलांबरीनं कपाटाचा खालचा खण उघडा टाकला तर पठ्ठ्यानं राजारामचा राखाडी मोजा ओढून काढला आणि सोफ्याखाली नेऊन ठेवला. ती गुडघ्यांवर बसली, हात घातला आणि मोजा हातात धरून बराच वेळ तशीच राहिली.

"तुला नेमका हाच सापडला?" ती म्हणाली. शेवया तिच्या पदराचं टोक ओढत होता.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, पिंजऱ्यात तो पुढचा उजवा पाय उचलून धरतो. गालिच्यावर नाही, फक्त पिंजऱ्यात. तिनं त्याला मांडीवर उताणा घेतला. तळव्याची गादी वाटाण्याएवढी, गुलाबी हवी ती लालभडक. तिनं करंगळीचं टोक दाबलं. सोडलं.

लाली हलली नव्हती.

पिंजऱ्याचे तिन्ही मजले तारेच्या जाळीचे होते, वर जायच्या उताराच्या फळ्याही. नीलांबरीनं आपला तळहात जाळीवर ठेवला आणि वरून दुसरा हात दाबून शंभरपर्यंत आकडे म्हटले. हात उचलला तर तळव्यावर चौकटी उमटलेल्या. बार्शीत चाळणीवर पापड वाळायला घालायचे, त्यावर उमटायच्या तशा.

"शंभर आकड्यांत एवढं," ती शेवयाला म्हणाली. "आणि तू ह्याच्यावर घर केलंयस."

त्याच दुपारी तिनं पेटी उघडली. सासूचं इरकल नेसून नेसून लोण्यासारखं मऊ झालं होतं. ते तिनं कापलं. मशीनला हात लावला नाही. खिडकीशी बसून, चार दिवस, चौकोनात चौकोन, तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा घालत तिनं तीन छोट्या गोधड्या शिवल्या, मजल्यागणिक एक. बोटं आधी अडखळली, मग आपोआप चालायला लागली.

पलीकडच्या रांगेत राहणारी सुवर्णा चहाला आली. मूळची नागपूरची, बोलणं सडेतोड.

"काय बापा! इरकलाची गोधडी? मुंगसाला?"

"त्याचे तळवे दुखतात."

"माझे गुडघे दुखतात, मला नाही शिवली कधी!" सुवर्णानं गोधडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि तिचा आवाज खाली आला. "नीलांबरी, तू परत सुई धरलीस गं."

"हं."

"रुहीला सांगितलंस? त्याच्या पायाचं?"

"बरं झालं की सांगीन. उगीच तिला तिकडे घोर."

सुवर्णानं कपातला चहा ढवळला. साखर विरघळून गेल्यावरही ढवळत राहिली. "तू तेव्हाही असंच म्हणाली होतीस," इतकंच ती बोलली.

*

मंगळवारी सकाळी नीलांबरी पोळ्या लाटत होती. पिंजऱ्याकडून आवाज आला, चिरका, तिनं शेवयाच्या तोंडून कधी न ऐकलेला. पिठाच्या हातांनी ती धावली. मधल्या मजल्यावर शेवया लटपटत होता. मागच्या पायाचं नख धावदोऱ्याच्या एका टाक्याखाली गेलं होतं आणि जितका तो झटका देई तितका दोरा आवळे. सुबक, घट्ट, दिसणारा टाका. तिनं कात्रीनं दोरा तोडला तोवर नख मुळापासून उखडलं होतं आणि इरकलाच्या हिरव्यावर रक्ताचे डाग पडले होते.

सुवर्णानं गाडी काढली. नीलांबरी मागच्या सीटवर शेवयाला पदरात धरून बसली.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, हातावर ओरखड्यांच्या जुन्या खुणा. तिनं जखम धुतली, बोट बांधलं, औषधाच्या थेंबांची बाटली दिली. पुढच्या तळव्यांनाही मलम लिहून दिलं. आणि मग नीलांबरीनं सोबत आणलेली गोधडी उजेडाकडे धरली. अगदी मिसेस पार्कसारखी.

"हे तुम्ही केलंत? हातानं?" ती इंग्रजीत म्हणाली. "इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. त्रास नेमका ह्याच टाक्यांचा आहे. ह्यांची नखं आकड्यासारखी असतात. टॉवेलचे फासे, लोकरीची वीण, वर आलेला दोरा, कशातही अडकतात. तार झाकलीत ते बरोबर केलंत. पण वरच्या अंगाला टाका नको."

"बोट वाचेल?" नीलांबरीनं विचारलं.

"लवकर आणलंत. वाचायला हवं. पण रोज बघावं लागेल."

"रोज बघीन."

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर नीलांबरी गाडीत बसेना. सुवर्णा म्हणाली, "चल की." नीलांबरीनं पर्समधून फोन काढला. इथं दुपारचे बारा, तिकडे नऊ. रुही कामावर पोचली असेल. काही दिवसांत बोट बरं होईल. मग सांगता येईल, गंमत म्हणून सांगता येईल. आज सांगितलं तर तोच प्रश्न येणार, त्याच आवाजात. तिचा अंगठा बटनावर थांबला आणि मग दाबला गेला.

"आई? कामाच्या वेळी कॉल? इज नूडल डेड?"

"नाही. जिवंत आहे. माझ्या पदरात आहे." तिनं श्वास घेतला. "पण रुही, त्याचे पाय छान नाहीत."

पलीकडे कुणाच्यातरी कीबोर्डची टकटक तेवढी.

"जाळीनं पुढचे तळवे लालभडक झाले होते. मला आठवड्यापूर्वी दिसलं. तुला सांगितलं नाही. वरून मी गोधडी घातली, त्यात नख उपटलं. माझी चूक. बोट बांधलंय. डॉक्टर म्हणते वाचेल, पण खात्रीनं नाही म्हणत."

"ओके," रुही म्हणाली. मग परत म्हणाली, "ओके, आई. थँक्स फॉर… सांगितलंस."

फोन बंद झाला. सुवर्णानं दार उघडून धरलं.

*

त्या संध्याकाळी नीलांबरीनं मशीनवरची चादर काढली. तेल घातलं. सुवर्णाच्या तळघरात फरशीवर टाकायच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे उरलेले तुकडे होते. पिंजऱ्याच्या प्रत्येक मजल्याचा आणि उताराचा तिनं वर्तमानपत्रावर नमुना काढला, कोपऱ्यांच्या गोलाईसकट, जशी कोटाची बाही बेतायची तशी. त्या मापानं पत्रा कापला. मग फ्लीसचं गुळगुळीत कापड घेतलं, ज्याला वीण नाही, फासा नाही, आणि त्याच्या उशीच्या अभ्र्यासारख्या खोळी शिवल्या. उलट्या शिवून सुलट्या केल्या म्हणजे सगळी शिवण आत. उघडं तोंड पत्र्याच्या खालच्या अंगाला दुमडलं आणि तिथं तो बावीस वर्षांचा टाका घातला, एकेक धागा उचलून, आतल्या आत निसटणारा.

शेवया बांधलेल्या पायानं खोक्यातून बघत होता.

झाल्यावर तिनं प्रत्येक खोळीवरून डोळे मिटून हात फिरवला. मग नायलॉनचा जुना पायमोजा बोटांवर चढवून परत फिरवला. मिसेस पार्कची युक्ती. कुठं सूतभर दोरा वर असेल तर नायलॉन अडकतं. कुठंच अडकलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी, चहाच्या आधी, शेवया तिच्या मांडीवर उताणा. डॉक्टरनं दिलेल्या नळीतलं गोड चाटण थेंबभर त्याच्या पोटावर लावायचं, तो चाटण्यात गुंगला की चारी तळवे एकेक करून दाबायचे आणि रुहीला फोनवर निरोप ठेवायचा. "आज लाल." "आज लाल, पण जरा पांढरं पडतंय." "बोटाला वास नाही." "आज दाबलं, पांढरं झालं आणि लगेच गुलाबी आलं, रुही, लगेच!" कधी रुही उलट फोन करायची, कधी नाही. पण रविवारी हटकून करायची. 'कसे आहेत' असं न विचारता म्हणायची, "टेल मी व्हॉट यू सॉ."

बोट वाचलं. नख मात्र परत आलं नाही.

डिसेंबरच्या सुटीत रुही आली. बूट दारात, बॅग तिथंच, आणि सरळ पिंजऱ्यापाशी. शेवयानं तिच्या बाहीत तोंड खुपसलं आणि डुक-डुक सुरू केलं. तिनं त्याचा मागचा पाय उलटवून तो गुळगुळीत, नख नसलेला ठिपका बघितला. मग पिंजऱ्यात हात घालून मजल्यांवरून फिरवला, वरून, कडेनं, कोपऱ्यात.

"आई, टाके कुठेत? चिकटवलंस?"

"आहेत टाके. आतल्या बाजूनं आहेत."

रुही हसली. नीलांबरी हसली नाही. ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर.

"रुही, तू मला हॉस्पिटलात विचारलं होतंस. मी बघितलं नाही का म्हणून."

"आई, डोन्ट. तसं नव्हतं म्हणायचं मला."

"म्हणायचं होतं. आणि बरोबर होतं. नाही बघितलं मी. तीन रविवार तुला छान आहेत म्हणाले आणि मोजे काढलेच नव्हते. त्यांना गार लागायचं म्हणून नाही काढले. आणि खरं सांगू? मला भीती वाटायची, काही दिसलं तर. म्हणूनही नाही काढले."

शेवया रुहीच्या बाहीतून निसटून गळ्याशी आला. तिनं त्याला तसाच धरून ठेवला.

"मी त्या चौदा महिन्यांत फोर टाइम्स आले," ती म्हणाली. तिचं मराठी अशा वेळी लहानपणीचं व्हायचं. "फोर टाइम्स. त्यांच्या पायाशीच बसायचे मी, आई. ब्लँकेटवर. मी पण नाही काढले मोजे."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं.

मग रुहीचं लक्ष पिंजऱ्याशेजारच्या टोपलीकडे गेलं. धुतलेल्या तीन गोधड्या तिथं घडी करून ठेवल्या होत्या. सगळ्यात वरची तिनं उचलली. रक्ताचा डाग फिकट तपकिरी होऊन राहिला होता आणि कापलेल्या दोऱ्याची दोन टोकं अजून वर आलेली होती.

"ही फेकणार होतीस?"

"तिचं काय करायचं आता? वाईट आहे ती त्याला."

"मला दे. माझी नखं नाही अडकत." तिनं गोधडी सोफ्यासमोर पसरली, बसली आणि दोन्ही पाय तिच्यावर ठेवले. धावदोऱ्यावरून अंगठा मागंपुढं केला. "ह्यातले टाके फील होतात."

"व्हायलाच पाहिजेत. गोधडी आहे ती." नीलांबरीनं तिच्या पायांकडं बघितलं. काळे सुती मोजे, विमानातून आलेले, टाचेशी विरलेले. ती खुर्चीवरून उठली आणि गोधडीच्या कडेला खाली बसली.

"मोजे काढ बघू," ती म्हणाली.

"आई! आय ॲम ट्वेंटी-नाइन."

"काढ."

रुहीनं आधी उजवा काढला, मग डावा. नीलांबरीनं तिची टाच ओंजळीत घेतली, दिव्याकडे वळवली आणि अंगठा दाबला. सोडला. दोघी वाकून बघत राहिल्या, पांढऱ्या पडलेल्या ठशात गुलाबी रंग परत येईपर्यंत.

"दुसरा," नीलांबरी म्हणाली.